रिपोर्ट नॉर्मल आले, भीतीचं काय?

'रिपोर्ट नॉर्मल आहेत' हे ऐकल्यावर माणसाने सुटकेचा श्वास टाकावा अशी सगळ्यांची अपेक्षा असते. डॉक्टरांची, घरच्यांची, सोबत आलेल्या मित्राचीही. पण वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला असे कितीतरी तरुण भेटले, ज्यांची खरी परवड या वाक्यानंतर सुरू झाली. छातीत धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते, डोके हलके होते. ईसीजी झाला, रक्त तपासले, काही निघाले नाही. मग हे होते ते काय? डॉक्टरांना सापडले नाही, की सापडले आणि सांगत नाहीत? रात्री दोन वाजता हा प्रश्न घेऊन मोबाईलच्या उजेडात बसलेला पोरगा एकटा असतो. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो असतो, दारावर निळा झेंडा असतो, आणि तरी तो एकटा असतो.

चळवळीच्या व्यासपीठावर हा विषय येत नाही. अ‍ॅट्रॉसिटी, आरक्षण, शिष्यवृत्ती, खासगीकरण यांवर आपण तासन्‌तास बोलतो आणि बोललेच पाहिजे. पण आपल्याच कार्यकर्त्याला स्वतःच्या नाडीची भीती वाटते, हे बोलायला आपल्याकडे शब्द नाही. असलाच तर 'टेन्शन' हा एक शब्द आहे, आणि तो विषय मिटवायला वापरला जातो.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, ही पोट भरलेल्यांची दुखणी. आमच्या आज्याने मेलेली ढोरे ओढली, त्याला कुठे असले काही झाले? यावर आम्ही त्यांना विचारतो, आजा कशाने गेला? उत्तर बहुधा ठरलेले असते. 'छातीत कळ आली आणि गेला.' 'पोट फुगलं आणि गेला.' 'ताप डोक्यात गेला.' आपल्या बहुतेक घरांत मागच्या दोन पिढ्यांतला किमान एक मृत्यू असा आहे, ज्याचे कारण कुणी कधी सांगितले नाही. सांगणारा डॉक्टर त्या वस्तीपर्यंत पोचलाच नव्हता, किंवा पोचला तो अंग न शिवता औषध देऊन गेला. खुद्द बाबासाहेब आणि रमाईंनी गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न अशी चार लेकरे गमावली. अशा इतिहासाच्या घरात वाढलेल्या मुलाला 'अंगात काहीतरी होतंय आणि कारण कळत नाही' या वाक्याचा अर्थ एकच ठाऊक असतो. त्याची भीती चोचला नाही. ती घरातूनच आलेली आहे, फक्त आज्याला ती सांगायला कुणी नव्हते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचे आढळले, आणि त्यातल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. हे सगळे लोक बंगल्यात राहणारे होते काय?

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मराठवाड्यातला एक तरुण पुण्याला स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता. दोन प्रयत्न गेले होते. त्याचा मावसभाऊ चाळिशीच्या आत हार्ट अटॅकने गेला. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात अभ्यासिकेत बसल्या बसल्या याची छाती धडधडू लागली, घाम फुटला, बोटे बधिर झाली. मित्रांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेले. ईसीजी नॉर्मल. 'गॅस असेल, टेन्शन घेऊ नका.' चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मग टू-डी इको, थायरॉईड, पुन्हा ईसीजी, दुसरा डॉक्टर, तिसरा डॉक्टर. आईने बचत गटातून उचल घेतली. कोरोनाच्या काळात घरात आणलेले ते बोटाला लावायचे यंत्र त्याने उशाशी ठेवले आणि रात्रीतून वीस-वीस वेळा ठोके मोजू लागला. जिने चढणे सोडले. चहा सोडला. मीटिंगला येणेही सोडले, कारण गर्दीत काही झाले तर? ज्या वडिलांनी दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतल्या, तेच एक दिवस हळूच म्हणाले, 'बाहेरचं असेल, एकदा दाखवून बघू.' आणि ग्रुपवर कुणीतरी लिहिले, 'वाघाची औलाद आणि ईसीजीला घाबरतो!' त्याखाली हसण्याच्या खुणांची रांग.

त्याच्या अंगात होत काय होते, हे त्याला पहिल्या दिवशी कुणी पाच मिनिटे बसून सांगितले असते, तर त्या आईची उचल वाचली असती. भीती वाटली की शरीर पळायला किंवा लढायला तयार होते. अ‍ॅड्रेनालिन रक्तात येते, ठोके वाढतात, श्वास उथळ आणि जलद होतो. जलद श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो, आणि त्यामुळेच बोटांना मुंग्या येतात, डोके गरगरते, छाती आवळल्यासारखी वाटते. म्हणजे ज्या लक्षणांना आपण घाबरतो, त्यातली निम्मी लक्षणे घाबरण्यानेच तयार होतात. ही लक्षणे खोटी नसतात, मनाचे खेळ नसतात. ठोके खरोखर वाढलेले असतात, बोटे खरोखर बधिर असतात. निरोगी माणसाच्या हृदयाचा ठोकाही मधूनच चुकतो. आपण कान लावून बसत नाही म्हणून कळत नाही, इतकेच. कान लावून बसलेल्याला प्रत्येक ठोका ऐकू येतो. घशात गोळा आहे का हे पाहायला सारखी थुंकी गिळली, की घसा आणखी आवळतो. मानेतली गाठ दिवसातून पन्नास वेळा चाचपली, की ती दुखायला लागते, आणि दुखते म्हणून पुन्हा चाचपली जाते.

तपासणीचेही तसेच. रिपोर्ट नॉर्मल आला की बरे वाटते, पण ते बरे वाटणे उसनवारीचे असते. चार दिवसांनी मन म्हणते, त्या दिवशी नव्हते, आज असेल. मशीन बिघडलेले असेल. दुसऱ्याचा रिपोर्ट दिला असेल. मग पुन्हा तपासणी, पुन्हा चार दिवस. खात्रीची ही तलफ असते, आणि प्रत्येक वेळी ती भागवली की पुढच्या वेळी लवकर लागते.

आमचा मुद्दा इथून सुरू होतो. या तलफेवर तीन दुकाने चालतात. पहिले बाबा-मांत्रिकाचे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे गुन्हा आहे, हे सगळे खरे. पण बाबाकडे माणूस जातो तो अडाणी असतो म्हणून नव्हे. डॉक्टर दोन मिनिटांत 'काही नाही' म्हणतो आणि बाबा अर्धा तास ऐकून 'आहे, आणि ते मी काढतो' म्हणतो, म्हणून जातो. दुसरे दुकान पॅकेजवाल्या लॅबचे, ऐंशी तपासण्या एका किमतीत. ऐंशी गोष्टी मोजल्या की एखादा आकडा इकडेतिकडे निघणारच, आणि त्या आकड्याच्या खाली लाल रेघ असते. तिसरे दुकान आपल्या खिशात आहे. 'छातीत धडधड' असे टाकले की ते सगळ्यात भयानक उत्तर आधी दाखवते, कारण भ्यालेला माणूस जास्त वेळ थांबतो. आपल्या सुशिक्षित पोरांनी पहिल्या दुकानाला लाथ मारली, याचा आम्हाला अभिमान आहे. पण तीच पोरे उरलेल्या दोन दुकानांत रांगेत उभी आहेत आणि त्याला विज्ञाननिष्ठा समजतात. पाचवा ईसीजी आणि लिंबू-मिरची यांत फरक कमी आहे.

कारण न कळणे सोसवत नाही, ही गोष्ट समाज म्हणूनही आपण अनुभवली आहे. बाबासाहेबांना मधुमेह होता, संधिवात होता, नसांचा विकार होता, रक्तदाब होता. घटनेच्या मसुद्याच्या काळात पायांच्या वेदनांनी त्यांना रात्र रात्र झोप नव्हती. मुंबईत डॉ. मालवणकरांकडे त्यांनी उपचार घेतले, इन्सुलिन घेतले, पथ्य पाळले. इतका आजारी माणूस ६ डिसेंबर १९५६ ला गेला, आणि आपल्यातल्या अनेकांनी आजाराकडे न पाहता आरोपी शोधला. माईसाहेबांना, म्हणजे डॉ. सविता आंबेडकरांना, त्या संशयाची किंमत अनेक वर्षे मोजावी लागली. यावर आजही मतभेद आहेत, आणि प्रतिक्रियांमध्ये आम्हाला शिव्या पडतील हेही ठाऊक आहे. तरी सांगतो. बाप गेल्याच्या धक्क्यात कोट्यवधी लोकांना 'शरीर थकले होते' हे उत्तर पुरेना. दुःखाला नाव हवे असते, नाव नाही मिळाले की ते कुणावर तरी चिकटवले जाते. एकट्या माणसाच्या मनात रात्री दोन वाजता हेच चालते. फक्त तिथे आरोपी त्याचे स्वतःचे हृदय असते.

धम्मात या दुखण्यावर जितके थेट बोलले गेले आहे, तितके आपण वापरत नाही. मज्झिम निकायातल्या चूळमालुंक्य सुत्तातला बाण लागलेला माणूस सगळ्यांना माहीत आहे. बाण कुणी मारला, तो कुठल्या जातीचा, धनुष्य कसले, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही म्हणणारा. आपण तो दृष्टान्त ईश्वर-आत्म्याच्या वादात वापरतो आणि तिथे तो फार चांगला चालतो. पण 'धडधडीचे शंभर टक्के कारण कळल्याशिवाय मी अभ्यासाला बसणार नाही, जिना चढणार नाही, लग्नाचा विचार करणार नाही' म्हणणारा तरुण त्याच माणसाचा भाऊ आहे. संयुत्त निकायात दुसऱ्या बाणाचे सुत्त आहे. शरीराची वेदना हा पहिला बाण, त्या वेदनेवर मन जी वेदना चढवते तो दुसरा. पहिला बाण बुद्धालाही लागत होता. म्हातारपणी त्यांची पाठ दुखायची, हे सुत्तांतच आहे.

याचा अर्थ 'ध्यानाला बस, सगळे बरे होईल' असा कुणी काढू नये. विपश्यनेवरचा आपल्यातला जुना वाद इथे उकरायचा नाही, पण भीतीचे झटके येत असलेल्या पोराला थेट दहा दिवसांच्या मौनात पाठवणे आम्हाला धोक्याचे वाटते. ज्याचे सगळे लक्ष आधीच शरीराकडे लागले आहे, त्याला आणखी शरीराकडे बघ म्हणून सांगण्याआधी जाणत्याला विचारावे.

आणि आधी तपासणी. हे ठासून सांगतो, कारण वरचे वाचून कुणी घरातल्या बाईला 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' म्हणेल. आपल्या बायांच्या बाबतीत तर हे रोज घडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त कमी असले की धडधडते, दम लागतो, चक्कर येते. तिला 'टेन्शन' म्हणून घरी पाठवणारा डॉक्टर हिमोग्लोबिनची साधी तपासणीही करत नसेल, तर चूक तिच्या मनाची नाही. विदर्भात सिकलसेल आपल्या समाजात आहे. हाडे-सांधे दुखतात, वरून काही दिसत नाही, पोरगी कामचुकार ठरते. तिथे सोल्युबिलिटी आणि इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी झालीच पाहिजे, शासकीय यंत्रणेत ती होते. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासून टीबी आहे का पाहावे. श्रम करताना छातीत येणारी, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, शुद्ध हरपणे, विनाकारण वजन उतरणे, थुंकीतून किंवा शौचातून रक्त, अंगाच्या एका बाजूची शक्ती जाणे, यातले काही असेल तर लेख बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.

डॉक्टरांपुढे आपला माणूस निम्मे बोलतो. आडनाव विचारले की तो आक्रसतो, इंग्रजी शब्द आला की मान हलवतो. म्हणून सोबत जाणे हे कार्यकर्त्याचे काम आहे, जसे आपण पोलीस ठाण्यात सोबत जातो तसे. लक्षण कधी सुरू झाले, किती वेळ राहते, कशाने वाढते, घरात कुणाला काय झाले, हे आधी एका कागदावर लिहून न्यावे. आणि स्पष्ट विचारावे : तुम्ही काय काय नाही हे पाहिले? काय झाले तर मी परत यावे? पुन्हा केव्हा दाखवायचे? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की 'नॉर्मल' या शब्दाला अर्थ येतो. उत्तर न देता उर्मटपणा करणारा भेटला तर डॉक्टर बदलावा. पण एकदा उत्तरे मिळाल्यावर मात्र एकच डॉक्टर, एकच फाईल, ठरलेली तारीख. तारखेआधी नवी तपासणी नाही.

त्यानंतरचे काम कंटाळवाणे आहे. नाडी दिवसातून वीसदा मोजत असू तर आधी दहादा, मग पाचदा, मग ते यंत्र शेजाऱ्याकडे. गुगल करावेसे वाटले की अर्धा तास थांबायचे. बहुतेक वेळा तलफ ओसरते. घरच्यांनी 'काही नाही रे तुला' हे दिवसातून पन्नासदा म्हणायचे थांबवायचे, कारण तोही एक ईसीजीच असतो. त्याऐवजी 'भीती वाटतेय ना, चल चक्कर मारू' म्हणावे. जे सोडले ते थोडे थोडे परत धरायचे : एक मजला, मग दोन, मग मीटिंग. श्वास सावकाश, सोडताना जास्त वेळ. धडधड येईल. तिला येऊ द्यायचे आणि हातातले काम चालू ठेवायचे. ती वर जाते आणि खाली येते. हे दहा-वीस वेळा अनुभवले की शरीराला पटते. डोक्याला पटवून ते पटत नाही.

एवढ्याने भागत नसेल, महिनोन्‌महिने झोप आणि काम बुडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक. सीबीटी नावाची, विचार आणि वर्तनावर काम करणारी पद्धत या भीतीवर उपयोगी पडते. गरज पडली तर औषधेही असतात आणि त्यात लाज नाही. मात्र ओळखीच्या मेडिकलमधून आणलेली अल्प्राझोलामसारखी गोळी मनाने चालू ठेवू नये, तिची सवय लागते. मानसिक आरोग्यसेवा हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही चालतो. तिथे फोन करताना आडनाव सांगावे लागत नाही.

समाजशास्त्र शिकताना राइट मिल्सने आम्हाला शिकवले की व्यक्तीच्या अडचणीमागे समाजाचा प्रश्न असतो. बेरोजगारी, रखडलेली भरती, भाड्याच्या खोलीत चौघे, गावाकडच्या अपेक्षा, रात्री-अपरात्री अत्याचाराच्या घटनास्थळी धावणे, हे सगळे त्या छातीत असते. त्याविरुद्ध लढायचेच आहे. पण थरथरणाऱ्या पोराला 'हे व्यवस्थेमुळे होतंय' एवढे सांगून आपण घरी जाणार असू, तर त्या डॉक्टरमध्ये आणि आपल्यात फरक काय? त्याने 'टेन्शन' म्हटले, आपण 'व्यवस्था' म्हटले. पोरगा रात्री दोन वाजता पुन्हा एकटाच.

आमच्याकडच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास यासाठी ठेवावा, असे आम्ही सुचवले. भाषण नाही, वक्ता नाही. ज्याला काही होतेय त्याने सांगायचे, इतरांनी ऐकायचे, उपाय न सुचवता. सोमवारी सरकारी दवाखान्यात सोबत कोण जाणार ते ठरवायचे. एका ज्येष्ठ उपासकांनी हरकत घेतली, विहार म्हणजे दवाखाना आहे का? त्यांना आम्ही महावग्गातली गोष्ट आठवून दिली. अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेला भिक्खू, ज्याच्याकडे संघातले कुणी फिरकत नव्हते, आणि पाणी मागवून आनंदासह त्याला स्वतः धुणारे तथागत. उपासक गप्प झाले, पण पूर्ण पटलेले नाहीत. त्यांचे म्हणणे, पोरे रडगाणे घेऊन बसतील. बसू द्या, असे आमचे मत आहे. तूर्त चार रविवारांची परवानगी मिळाली आहे, आणि सोबत जाणाऱ्यांच्या वहीत पाच नावे आली आहेत. त्यात बायांची नावे तीन.